हवं ते काढून न्या

जयराम पगारेची फियाट दीड वर्षापासून नाशिकच्या जेलरोडवरच्या कॉलनीत बिनतोंडाची उभी होती. पुढची जाळी नव्हती, दिव्यांच्या चकचकीत कड्या नव्हत्या, काचा खालीवर करायचे दांडे नव्हते. चौसष्ट सालची ती गाडी त्याने एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून हौसेने आणली होती. इंजिन स्वतः खोललं, स्वतः बसवलं, वर फिकट हिरवा रंग दिला. अडलं होतं ते बारीकसारीक मूळ सामानासाठी. बाजारात मिळायचं ते नकली, आणि जयरामच्या मते नकली सामान लावणं म्हणजे आजोबांच्या फोटोला शेजाऱ्याच्या आजोबांचा चष्मा घालण्यासारखं होतं. कॉलनीतली पोरं गाडीला 'बोळकं' म्हणायची.

तो पाटबंधारे कचेरीत कारकून होता. माणूस सरळ, पण एक खोड होती. जुन्या यंत्रांबद्दल त्याला कळवळा होता आणि तो बोलून दाखवल्याशिवाय त्याला राहवत नसे. कोणाच्या सायकलची चेन वाजली तरी तो त्या माणसाला थांबवून पाव तास सुनावायचा. "लोकांना कदर नाही हो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याची बायको आशा एकदा म्हणाली होती, "त्या गाडीला पुसता त्याच्या निम्मं माझ्या शिलाई मशीनला पुसा." त्यावर तो रुसून दोन दिवस गप्प होता. कॉलनीने ते दोन दिवस सुखात काढले.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात कचेरीतला मनोज त्याच्या टेबलापाशी आला.

"पगारे, तुमचं काम झालं. विंचूरला एक फियाट आहे, तुमच्याच सालातली. अगदी भंगार. मालक म्हणाले, हवं ते काढून न्या."

"मालक कोण?"

"भेटले होते एक गृहस्थ. नाव विचारायचं राहिलं बघा. पण खूण पक्की दिलीय. गावाच्या अलीकडे पाटाकाठी मळ्यातलं घर, कांदाचाळीला लागून गाडी उभी. शनिवारी सकाळीच या म्हणाले. घराला कुलूप असेल, बिनधास्त काढा."

जयरामने पुढे काहीच विचारलं नाही. भुकेल्या माणसाला जेवायला बोलावलं तर तो यजमानाचं गोत्र विचारत नाही.

दुसरा शनिवार होता, कचेरीला सुट्टी. सकाळच्या पहिल्या एसटीने जयराम निघाला. सोबतीला मंगळू होता. हा मूळचा पेठकडचा, पण वीस वर्षं नाशिकच्याच द्वारका चौकातल्या एका गॅरेजात पत्रा ठोकत होता. बोलायचा कमी, पण गंजलेला स्क्रू त्याच्या हाताला सुटला नाही असं कधी झालं नव्हतं. त्याने हत्यारांची पेटी घेतली आणि सामान भरायला दोन रिकामी पोती घेतली.

आठ वाजता दोघे मळ्यावर पोचले. पाटाकाठी घर, घराला लागून कांदाचाळ, चाळीला लागून फियाट. खुणा सगळ्या जुळल्या. फक्त घराला कुलूप नव्हतं. अंगणात पन्नाशीची एक बाई सडा टाकत होती.

"फियाटसाठी आलोय आम्ही," जयराम म्हणाला.

बाईने बादली खाली ठेवली. "या, या! तुमचीच वाट बघत व्हते. म्हटलं येत्यात का नाय. कुसाबाई मी. बसा, चहा ठेवते."

"चहा नंतर. आधी गाडी बघू."

गाडीची दशा बघवत नव्हती. चारही चाकांत हवा नव्हती. टपावर आणि बॉनेटवर कांद्याच्या पातींचा थर बसला होता, आणि मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसून दोघांकडे संशयाने बघत होती. पण जयरामने हाताने पाती झटकल्या आणि खालून पुढची जाळी चमकली. अस्सल. एकही दांडी वाकलेली नाही. त्याने ती बाहीने पुसून पुन्हा पाहिली.

"काय काय काढू?" त्याने विचारलं.

"आता मला काय कळतं त्यातलं? जे लागंल ते काढा. पार मोकळी केली तरी चालंल. पन दोन वाजेच्या आत झालं पाहिजे बघा."

"दोन कशाला, बारालाच संपवतो."

"लय उपकार व्हतील. आन् जे खराब निघंल ते परत घालू नका हां."

"परत घालायचा प्रश्नच नाही," जयराम म्हणाला.

दोघांनी कामाला हात घातला. कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत हलवलं. मग जाळी निघाली. दिवे निघाले, कड्या निघाल्या, काचांचे दांडे, दारांच्या मुठी, स्टिअरिंगवरची हॉर्नची कडी, वायपर, आरसा, सगळं एकेक करून पोत्यात जाऊ लागलं. मंगळूचा हात चालला की थांबत नसे. जयराम मधूनमधून एखादी वस्तू उन्हात धरायचा आणि "वा" म्हणायचा.

दहाच्या सुमाराला कुसाबाई न्याहारी घेऊन आल्या. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि फोडलेला कांदा. गाडीकडे बघून त्या थबकल्या.

"बया! एवढं खोललं?"

"खोलल्याशिवाय निघणार कसं?"

"ते बी खरं. आमच्या मालकांचा पाय बी डाक्टरनी असाच खोलला व्हता. बघवत नाय, पन करावं लागतं."

पिठलं उत्तम होतं. पोट भरल्यावर जयरामची खोड जागी झाली. गाडीच्या टपावर हात ठेवून तो म्हणाला, "बाई, राग मानू नका, पण बोलतो. काय अवस्था केलीत हिची? गाडी म्हणजे घरातलं माणूस. घरातलं म्हातारं माणूस असं चाळीशेजारी टाकून द्याल का? वर कोंबड्या बसवाल? लोकांना कदर नाही हो."

कुसाबाईंनी मान खाली घातली. पदराने डोळे टिपले. "चुकलंच आमचं," त्या म्हणाल्या. "माझं एकटीचं हात पुरलं नाय."

"बाई रडली ना साहेब," त्या आत गेल्यावर मंगळू पुटपुटला.

"रडू दे. त्याशिवाय माणसाला कळत नाही," जयराम म्हणाला, आणि तिसरी भाकरी त्याने पिठल्याला लावली.

साडेदहाला अंगणात एक लूना येऊन थांबली. कळकट खाकी कपड्यातला एक माणूस उतरला. लूनाच्या पायदानावर त्याने गाडीची बॅटरी बांधून आणली होती.

"वैनी, उशीर झाला. वाटेत पंक्चर झालं. कुठंय फियाट?"

कुसाबाई बाहेर आल्या. एकदा त्याच्याकडे, एकदा चाळीकडे बघितलं. "तुम्ही कोन?"

"सोमा मिस्त्री. निफाडहून. तुमच्या भाच्यानं निरोप दिला व्हता ना, गाडी चालू करून द्यायची, रिपेअर करायची म्हणून?"

"मंग हे कोन?"

दोघांनी वळून पाहिलं. जयरामच्या एका हातात डाव्या दाराची मूठ होती, दुसऱ्या हातात उरलेली भाकरी.

पुढचा उलगडा व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत, पण जयरामला ती फार लांब वाटली. कुसाबाईंचा नवरा, कोंडाजी, अडीच महिन्यांपूर्वी चाळीचा पत्रा बसवताना वरून पडला होता. मांडीचं हाड मोडलं, नंतर जखम चिघळली. तेव्हापासून तो नाशिकच्या दवाखान्यात होता. तो आज घरी येणार होता. ही गाडी त्याचा जीव होती. तीस वर्षं एसटी चालवल्यावर त्याने स्वतःसाठी घेतलेली पहिली आणि एकुलती एक गाडी. त्याला त्याच गाडीतून घरी आणायचं कुसाबाईंनी त्याला न सांगता ठरवलं होतं.

"भंगार गाडी पायजे व्हती तुम्हाला?" सोमा मिस्त्रीने विचारलं. "ती पाटाच्या पल्याड, ह्यांच्या चुलत दिराच्या वस्तीवर हाय. झाड उगवलंय तिच्यात. तुम्ही चांगल्या घरचं माणूस सोललं की हो!"

जयरामने भाकरी खाली ठेवली. ती कुठे ठेवावी हेही त्याला सुचेना, म्हणून बॉनेटवर ठेवली. 'घरातलं म्हातारं माणूस असं टाकून द्याल का?' हे स्वतःचंच वाक्य त्याच्या कानात घुमत होतं. ज्या बाईचा नवरा अडीच महिने खाटेवर होता, तिला तो हे बोलला होता. तिच्याच हातचं पिठलं खाऊन.

"बाई," तो म्हणाला, "मी... मला सांगितलं होतं की..." परवानगी देणाऱ्या मालकाचं नावही त्याला माहीत नव्हतं.

कुसाबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही पोत्यांकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "परत बसंल का?"

"बसंल," मंगळू म्हणाला. एरवी कमी बोलणारा तो जयरामच्या आधी बोलला.

पोती उलटी झाली. सोमा मिस्त्रीने बॅटरी जोडली, पायपंपाने चाकांत हवा भरली आणि इंजिनाला हात घातला, पण बाकीच्याला बोट लावायला तो तयार नव्हता. "ज्यानं उसवलं त्यानं शिवावं," असं म्हणून तो बॉनेटखाली शिरला आणि तिथून जयरामला आवाज देत राहिला. "अहो कारकूनसाहेब, ती कडी उलटी लागली! कचेरीत फायली बी अशाच लावता का?" तोवर शेजारच्या मळ्यातली चार माणसं बांधावर येऊन बसली होती. प्रत्येक नव्या माणसाला सोमा पहिल्यापासून सगळं सांगायचा. चौथ्या वेळी जयरामनेच मान हलवून मधला तपशील दुरुस्त केला.

दीडच्या सुमाराला इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि चालू झालं. सगळं सामान जागेवर गेलं होतं. तरी पोत्याच्या तळाशी सात स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली.

"हे कुठलं?" कुसाबाईंनी विचारलं.

"जास्तीचं असतं ते," मंगळूने सांगितलं. जयरामने ते सात स्क्रू आणि स्प्रिंग रुमालात बांधून गाडीच्या कप्प्यात ठेवले.

सोमाने हात पुसले. "मी नाशिकला येणार व्हतो गाडी घेऊन, पन माझं निफाडचं काम खोळंबलंय ह्यांच्यापायी. हेच चालवतील. लायसन हाय ना?"

लायसन होतं. नाही म्हणायला जयरामपाशी तोंड नव्हतं.

रस्त्यात एकेक गोष्ट उघड होत गेली. डावीकडे वळायचा इशारा दिला की हॉर्न वाजायचा. खड्डा आला की डावीकडची काच आपोआप खाली जायची. पुढचं डावं दार फक्त बाहेरून उघडत होतं. मागे कुसाबाई गाडीत उशा रचून बसल्या होत्या आणि प्रत्येक हॉर्नला दचकत होत्या. मंगळू पुढे बसला होता. नाशिकमध्ये द्वारकेला गाडी हळू झाली तसा त्याने खिडकीतून हात बाहेर घातला, बाहेरून दार उघडलं आणि उतरला.

"साहेब, माझं गॅरेज आलं," तो म्हणाला. "पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा."

दवाखान्याच्या दारात दोघा वॉर्डबॉयनी कोंडाजींना खुर्चीतून आणलं. उंच, रोडावलेला म्हातारा, मांडीवर काठी. पायरीखाली फियाट दिसली आणि त्याचा चेहरा पडला. आनंदाने उजळेल म्हणून कुसाबाई बघत होत्या, पण तो पडला. आधी त्याने गाडीकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग जयरामकडे, आणि मान खाली घातली.

"कशी हाय?" कुसाबाईंनी विचारलं.

"हाय की," कोंडाजी म्हणाले. "हाय अजून."

बरोबर, जयरामला वाटलं. जन्मभर गाड्या चालवलेला माणूस. एका नजरेत कळलं असणार त्याला की गाडीला कोणीतरी हात लावलाय.

गाडी निघाली. आडगाव नाक्यापाशी डावीकडचा इशारा दिला, हॉर्न वाजला. कोंडाजींनी कान टवकारले. पुढे खड्ड्यात काच खाली गेली. त्यांनी ती हाताने वर ओढली, ती परत गेली.

"मेकॅनिक कोन व्हता?" त्यांनी विचारलं.

मागून कुसाबाई घाईने म्हणाल्या, "हेच. नाशिकचे हायेत. लय नावाजलेले."

"आस्सं," कोंडाजी म्हणाले, आणि नावाजलेल्या मेकॅनिककडे बघत राहिले. जयरामला वाटलं, आपण आता मोटारीसकट पाटात जावं. त्याची लाज झाकायला ही बाई नवऱ्याशी खोटं बोलत होती. सकाळी त्याने तिला रडवलं होतं, आणि ती त्याला वाचवत होती. चांदोरी येईपर्यंत त्याने ठरवलं, संधी मिळाली की सांगून टाकायचं.

निफाडला कुसाबाई म्हणाल्या, "थांबवा जरा, पेढे आनते. देवापुढं ठेवायला." त्या उतरल्या. दोघेच उरले.

"बाबा," जयराम म्हणाला, "त्या खोटं बोलल्या. मी मेकॅनिक नाही. कारकून आहे. मी चुकून तुमच्या घरी आलो आणि भंगार समजून तुमची गाडी सोलली. नीट बसवता आली नाही. वर तुमच्या मंडळींना नाही नाही ते बोललो. तुम्ही काय म्हणाल ते कबूल आहे."

कोंडाजींनी एकदा पेढ्यांच्या दुकानाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मनोजरावांचे दोस्त का तुम्ही?"

जयरामच्या हातून स्टिअरिंग सुटलं. गाडी उभी होती म्हणून बरं. "मनोज? तुम्हाला तो कसा माहीत?"

"त्यांचे सासरे माझ्या शेजारच्या खाटंवर व्हते. मीच बोललो त्यांना. चाळीशेजारी फियाट हाय, हवं ते काढून न्या म्हनून."

"म्हणजे भंगार गाडी ती पलीकडची नव्हे?"

"तिच्यात तर बाभूळ उगवलीय. तिच्यातून काय काढनार? हीच. डाक्टर म्हनले, डाव्या पायात आता जोर नाय येनार. क्लच दाबता येनार नाय. म्हटलं, घरी गेल्यावर रोज ती माझ्याकडं बघनार आन् मी तिच्याकडं. त्यापरीस मी जायच्या आत गेलेली बरी. शनिवारी कुसा पहिल्या गाडीनं दवाखान्यात येती, घराला कुलूप. म्हनून शनिवार सांगितला. आज नेमकी ती सकाळी आली नाय, दुपारी येते असा निरोप आला. सकाळधरनं मी घड्याळच बघतोय."

"आणि त्यांना काय सांगणार होतात?"

कोंडाजींनी काठीवरचा हात उगाच फिरवला. "चोरी झाली म्हननार व्हतो."

"म्हणजे चोर मी?"

"तुमचं नाव नसतं घेतलं. मला कुठं माहीत व्हतं?"

जयरामच्या मनावरचा धोंडा एकदम उतरला. तो योग्य घरीच गेला होता. योग्य गाडीच सोलली होती. मालकाची परवानगी होती. आत्ता उतरून सोमा मिस्त्रीचं गॅरेज शोधावं, बांधावरच्या त्या चौघांना गोळा करावं आणि छाती पुढे काढून सांगावं असं त्याला वाटलं. मग पुढचा विचार आला. हे सांगितलं की समोर काय उरत होतं? ज्या नवऱ्याला त्याच्याच गाडीतून घरी न्यायला ही बाई पहाटेपासून राबत होती, त्याने ती गाडी तिच्या पाठीमागे वाटून टाकली होती.

"तिला सांगू नका," कोंडाजी म्हणाले. म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते. "तुमच्या पाया पडलो असतो, पन पाय वाकत नाय."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. कुसाबाईंनी पुडा सोडला आणि पहिला पेढा जयरामपुढे धरला. त्याचा उतरलेला चेहरा बघून त्यांना सगळं कळल्यासारखं वाटलं.

"सांगितलंत व्हय ह्यांना? बरं केलंत," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या, मानसाच्या हातून चुकतं. मनानं चांगले हायेत तुम्ही. फक्त दुसऱ्याच्या दारात गेल्यावर आधी नाव विचारत जावा."

"हो," जयराम म्हणाला. "चुकलंच माझं."

कोंडाजी खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी पेढा घेतला नाही.

विंचूरच्या अलीकडे गाडी सडक सोडून मळ्याच्या वाटेला लागली. ऊन उतरलं होतं. पाटाच्या पुलापाशी कुसाबाईंनी जयरामच्या खांद्यावर टिचकी मारली.

"थांबा. उतरा आता. मागं या तुम्ही."

"का?"

"गाडी मी नेनार."

कोंडाजी वळले. "तू? तुला कुठं येती?"

"अडीच महिने ट्रॅक्टर कोन चालवत व्हतं? गड्यानं शिकवलं मला." कुसाबाई पुढे येऊन बसल्या, पदर खोचला. "डाक्टरनी तुमच्या पायाचं मला बी सांगितलंय. तुमच्या आधी सांगितलं. एक पाय गेला म्हनून गाडी काय चाळीत सडवायची? माझं दोन्ही पाय धड हायेत. तुम्ही नुसतं सांगा, गेर कुठं हाय."

कोंडाजींनी मांडीवरची काठी मागे जयरामकडे दिली. "हा स्टिअरिंगजवळचा दांडा," ते म्हणाले. "क्लच पुरा दाब. आता दांडा तुझ्याकडं घे, आन् खाली. हळू सोड. हळू, कुसा, बैल नाय तो."

फियाट दोन हिसके खाऊन चालू लागली. कुसाबाईंनी क्लच दाबला की शेजारी कोंडाजींचा डावा पायही आपसूक हलायचा आणि रिकाम्या पत्र्यावर हलकेच टेकायचा. बांधावरची माणसं उठून उभी राहिली. कोणीतरी टोपी हलवली. शेजारच्या मळ्यातल्या बायका धावत कुंपणाशी आल्या. सगळे कुसाबाईंकडे बघत होते.

मागच्या सीटवर जयराम मांडीवर उशा, काठी आणि पेढ्यांचा पुडा सांभाळत बसला होता. त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं. त्याने हळूच एक पेढा तोंडात टाकला.